फोन डाग पाहतो, हात लावत नाही



पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आणि महिला मंडळाची बैठक आटोपली होती. सतरंज्या गुंडाळताना एक मावशी आमच्याजवळ थांबल्या. त्यांच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा फिकट तांबूस डाग होता. आठ महिन्यांपासून होता. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने फोनवर एक ॲप उतरवून डागाचा फोटो काढला. ॲपने तीन नावे दिली. पहिले बुरशीचा संसर्ग, दुसरे एक्झिमा, तिसरे सूर्यप्रकाशाने येणारा डाग. मुलाने पहिले नाव धरले आणि मेडिकलमधून ट्यूब आणली. मावशींनी ती दोन महिने चोळली. डाग जाईना.

आमच्यासोबत वस्तीतल्या आशाताई होत्या. त्यांनी डाग पाहिला आणि विचारले, "मावशी, खाज येते का हो इथं?"

"नाही गं. खाज नाही, दुखतही नाही. म्हणून तर एवढे दिवस बसले."

"भाकरी भाजताना तव्याचा चटका बसला तर इथं कळतं का?"

मावशी थोड्या गप्प झाल्या. मग डागाच्या कडेची एक जुनी खूण दाखवून म्हणाल्या, "हा चटका कधी बसला, ते मला समजलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आशाताई त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डागावर स्पर्शाची तपासणी केली, हाताच्या नसा चाचपून पाहिल्या. कुष्ठरोगाची सुरुवात होती. औषध त्याच आठवड्यात, एकही रुपया न घेता सुरू झाले. बोटे वाकडी झालेली नव्हती, ताकद गेलेली नव्हती. वेळ गाठली गेली.

मावशींना विचारूनच आम्ही ही गोष्ट इथे लिहितो आहोत. त्यांची एकच अट होती, "नाव नका लिहू, बाकी सगळं लिहा. दुसऱ्या कुणाचे आठ महिने जाऊ नयेत."

मुलाची यात काही चूक नव्हती. आईची काळजी वाटली म्हणूनच त्याने हातातल्या फोनला विचारले. आज वस्तीतल्या जवळपास प्रत्येक घरात असा फोन आहे. कुणी त्वचेचे ॲप वापरते, कुणी चॅटबॉटला फोटो पाठवते. म्हणून हे यंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही आणि आपल्या त्वचेबाबत ते नेमके कुठे चुकते, हा या वेळचा धडा.

१. यंत्र शिकते कसे?

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे इथे एक संगणक प्रोग्राम. त्याला त्वचेचे हजारो फोटो दाखवतात आणि प्रत्येक फोटोसोबत आजाराचे नाव सांगतात. लहान मूल चिंच आणि शेवगा ओळखायला शिकते तेव्हा आपण त्याला नियम शिकवत नाही. ते बघून बघून शिकते. प्रोग्रामही तसाच रंग, कडा, ठिपके यांच्या खुणा स्वतःच पकडतो. मग नवा फोटो आला की तो आधी पाहिलेल्यांपैकी कशाशी मिळताजुळता आहे, ते सांगतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असा एक प्रोग्राम जगापुढे मांडला. त्याला १,२९,४५० फोटो दाखवले होते. त्यांत २,०३२ प्रकारचे त्वचाविकार होते. मग २१ त्वचारोगतज्ज्ञ आणि हा प्रोग्राम यांना तेच फोटो दाखवून विचारले, हा कॅन्सर आहे की साधी गाठ किंवा तीळ? प्रोग्राम तज्ज्ञांच्या बरोबरीने ठरला. त्यानंतर 'आता फोनच डॉक्टर होणार' असे बोलले जाऊ लागले.

पण ही परीक्षा फोटोंची होती, समोर बसलेल्या माणसाची नव्हती. आणि प्रश्नही मोजकाच होता, कॅन्सर आहे की नाही.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी स्वतःच एक गंमत सांगितली. ज्या फोटोत डागाशेजारी मोजपट्टी ठेवलेली असे, त्याला त्यांचा प्रोग्राम कॅन्सर म्हणण्याची शक्यता जास्त होती. का? डॉक्टरांना एखाद्या डागाची शंका आली की ते पट्टी ठेवून मोजतात. त्यामुळे कॅन्सरच्या फोटोंत पट्ट्या जास्त होत्या. यंत्र डागासोबत पट्टीही शिकले होते. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांना असेच दिसले. साध्या निरुपद्रवी तिळाशेजारी जांभळ्या शाईची खूण असली, तर यंत्र त्याला कॅन्सर म्हणण्याचे प्रमाण वाढत होते.

यातून आपण एवढे लक्षात ठेवावे. यंत्राला आजार समजत नाही, त्याला फोटोतले साम्य समजते. पडद्यावर '८५ टक्के' असे आले, तर तुम्हाला तोच आजार आहे याची ती हमी नव्हे. त्याने शिकलेल्या फोटोंशी तुमचा फोटो किती जुळला, याचा तो त्याच्यापुरता अंदाज आहे. मग पुढचा प्रश्न येतो, त्याने शिकलेले फोटो होते कुणाचे?

२. शिकवणीत कुणाची त्वचा होती?

त्वचेच्या रंगाची जगभर वापरली जाणारी एक मोजणी आहे. हार्वर्डचे डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ मध्ये मांडली. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते, यावरून प्रकार पाडले. सुरुवातीला हे प्रकार चारच होते आणि गोऱ्या त्वचेचेच होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला.

यंत्रांच्या शिकवणीतही तेच झाले. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अडेवोले अॅडमसन यांनी २०१८ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात इशारा दिला होता की, गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकलेले यंत्र काळ्या लोकांच्या उपयोगी पडणार नाही, उलट दरी वाढवेल.

दरी किती मोठी आहे, ते इंग्लंडच्या संशोधकांनी नंतर मोजले. त्वचेच्या कॅन्सरसाठी यंत्रे शिकवायला जगात खुले असलेले २१ फोटोसंग्रह त्यांनी तपासले. एकूण एक लाखाहून अधिक फोटो. त्यांपैकी त्वचेचा प्रकार नोंदलेला होता फक्त २,४३६ फोटोंत. त्यात सावळ्या त्वचेचे फोटो किती? दहा. गडद सावळ्या किंवा काळ्या त्वचेचे? एक. आणि ज्या फोटोंत माणसाच्या वंशाची नोंद होती, त्यांत आफ्रिकी, आफ्रिकी-कॅरिबियन किंवा दक्षिण आशियाई माणसाचा एकही फोटो नव्हता. दक्षिण आशियाई म्हणजे आपण.

ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब होत नाही, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

२०२२ मध्ये डॉ. रोक्साना दानेशजू आणि सहकाऱ्यांनी ६५६ फोटोंचा एक वेगळा संग्रह तयार केला. यात गोऱ्या, मध्यम आणि काळ्या त्वचेचे फोटो होते आणि प्रत्येक आजार कातडीचा तुकडा तपासून पक्का केलेला होता. नावाजलेले प्रोग्राम या फोटोंवर चालवले, तेव्हा ते काळ्या त्वचेवर जास्त चुकले. एवढेच नाही, नुसते फोटो पाहून निदान करणारे तज्ज्ञ डॉक्टरही काळ्या त्वचेवर जास्त चुकले. त्यांचीही पुस्तके गोऱ्या त्वचेच्या चित्रांचीच असतात.

पण याच अभ्यासाने एक आशाही दाखवली. त्याच प्रोग्रामना काळ्या त्वचेचे फोटो दाखवून पुन्हा शिकवले, तेव्हा गोऱ्या आणि काळ्या त्वचेमधला फरक मिटला. म्हणजे दोष आपल्या रंगाचा नाही. शिकवणी अपुरी आहे, आणि ती पुरी करता येते.

३. आपल्या त्वचेवर आजार कसा दिसतो?

पुस्तके आणि ॲप म्हणतात, 'लालसर चट्टा'. सावळ्या त्वचेवर सूज-दाह लाल दिसेलच असे नाही. तो गडद तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. म्हणून नुसते पाहू नका. हाताची मागची बाजू लावून ती जागा गरम लागते का, सुजली आहे का, ते बघा.

नायटा किंवा गजकर्ण : गोल चट्टा, कडा उंच आणि खवल्यांची, मधला भाग थोडा साफ. खाज भरपूर. कड आपल्याकडे लाल नसून गडद तपकिरी दिसते. बरा झाल्यावर काळपट डाग काही महिने राहतो. तो डाग म्हणजे आजार नव्हे. मात्र औषध कधी थांबवायचे, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खरूज : रात्री वाढणारी खाज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, काखेत, जांघेत बारीक पुरळ. फोटोत दिसतात ते फक्त ओरखडे. घरात आणखी तिघे खाजवत आहेत, हे फोटोला कळत नाही. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचे असते. एकाला दिले आणि बाकीचे राहिले, तर ती फिरून येते.

कुष्ठरोग : त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस चट्टा. खाज नाही, दुखत नाही. त्या जागी स्पर्श, थंड-गरम, चटका नीट कळत नाही. कधी तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, न दुखणारी जखम, हातातून वस्तू निसटणे, ही पुढची लक्षणे.

तळवे आणि नखे : त्वचेचा मेलानोमा नावाचा कॅन्सर आपल्याकडे कमी आढळतो. पण सावळ्या-काळ्या लोकांत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो निघाला होता. सुरुवातीला ती फुटबॉल खेळताना झालेली जखम वाटली. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. नखाखाली नवी काळी रेघ आली, ती रुंदावत असेल किंवा तळपायाचा काळा डाग वाढत असेल, तर दाखवून घ्या.

४. जे फोटोत येत नाही

ब्राझीलमध्येही कुष्ठरोगाचे रुग्ण बरेच आहेत. तिथे २०२२ मध्ये कुष्ठरोग ओळखणाऱ्या यंत्राचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २२२ रुग्णांचे १,२२९ फोटो घेतले होते. पण संशोधकांनी नुसते फोटो दिले नाहीत. प्रत्येक रुग्णाची तपासणी करून, प्रश्न विचारून मिळालेली माहितीही यंत्राला दिली. या माहितीच्या आधारे सुमारे ९० टक्के वेळा बरोबर उत्तर मिळाले. सर्वांत उपयोगी कोणती माहिती पडली? थंड-गरम कळणे गेले आहे का, गाठी आहेत का, पायाला मुंग्या येतात का, डाग किती आहेत. आणि खाज किंवा खवले असतील, तर तो कुष्ठरोग नसण्याकडे कल.

आता आमच्या आशाताईंचे दोन प्रश्न आठवा. "खाज येते का?" आणि "चटका कळतो का?" त्यांनी हा अभ्यास वाचलेला नाही. त्यांना कुष्ठरोग शोधमोहिमेच्या प्रशिक्षणात हेच शिकवले होते. मावशींच्या मुलाच्या ॲपने यातले काहीच विचारले नव्हते.

म्हणजे चांगले यंत्र बनवायचे तरी कुणीतरी डागाला हात लावावा लागतो, कुणीतरी माणसाला विचारावे लागते.

५. लपवण्यामुळे होणारे नुकसान

आम्ही वस्तीत बरेच विचारले की, आधी फोनला का विचारता? उत्तरे सरळ होती. "दवाखान्यात गेलं की दिवसाची हजेरी जाते." "रांगेत चारचौघांसमोर डाग दाखवायची लाज वाटते." "फोन हसत नाही." आणि हळू आवाजात, "भलतंच काही निघालं तर पोरीचं लग्न अडेल."

ही भीती खरी आहे. तिला माहितीनेच उत्तर देता येते.

कुष्ठरोग जंतूने होतो. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो जंतू शोधला. हा आजार पापाचा नाही, शापाचा नाही, रक्ताचा नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासाने होऊ शकतो. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद असते. औषध सुरू केल्यावर रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत आहे आणि आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. घरातल्या माणसांनाही तपासतात आणि गरजेनुसार प्रतिबंधक गोळी देतात.

२००५ च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचे दुर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, एवढाच. आजार संपलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात.

आणि लग्नाबद्दल. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांतून ते कारण २०१९ मध्ये काढून टाकले गेले. आता ते आपल्याही मनातून गेले पाहिजे.

६. ट्यूबचा सापळा

ॲपने नाव सांगितले की पाय मेडिकलकडे वळतात. तिथे 'खाजेची ट्यूब' मागितली की बऱ्याचदा मिश्र मलम हातात पडते. त्यात बुरशीचे औषध, जंतूचे औषध आणि स्टिरॉइड एकत्र असते. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते आवडते. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते. बुरशी आत पसरत राहते. नायट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते. मग यंत्र तर सोडाच, डॉक्टरांनाही ओळखणे अवघड होते. त्वचा पातळ होते, जांघेत-काखेत कायमचे चिरे पडतात, चेहऱ्यावर पुरळ आणि लव वाढते, मलम थांबवले की आग होते.

बुरशीही आता जुनी राहिलेली नाही. भारतात पसरलेल्या एका चिवट बुरशीला २०२० मध्ये वेगळे नाव मिळाले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावात आपल्या देशाचेच नाव आहे. नेहमीच्या टर्बिनाफिन गोळ्यांना ती बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून अर्धवट औषध, शेजारणीची ट्यूब, स्वतःच्या मनाने बदललेली गोळी, हे सगळे महागात पडते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिले असेल, तर ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका. 'उजळपणासाठी' म्हणून मुली लावतात त्या काही मलमांतही हेच असते. रंग उजळणे हा आरोग्याचा भाग नाही, त्वचा धड राहणे हा आहे.

एक खुलासा. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. एक्झिमा, सोरायसिसमध्ये डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात तेव्हा ते चांगले काम करते. आणि बरेच दिवस लावत असाल, तर हे वाचून एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

७. मग फोन बाजूला ठेवायचा का?

नाही. फोन कामाचा आहे, त्याला योग्य काम द्यायला हवे.

आपल्या देशात त्वचारोगतज्ज्ञ कमी आहेत आणि बहुतेक शहरांत आहेत. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून फोनवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. तिथे चांगला फोटो उपयोगी पडतो, कारण तो पाहणारा माणूस तुम्हाला प्रश्नही विचारतो.

यंत्रालाही जागा आहे, पण डॉक्टरांच्या हाताखाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्वचेच्या कॅन्सरसाठी प्रकाशाने तपासणी करणाऱ्या एका उपकरणाला मान्यता दिली. ते रुग्णाने वापरायचे नाही. साध्या डॉक्टरांना ज्या डागाची शंका आली आहे, तो तज्ज्ञाकडे पाठवायचा का, हे ठरवायला ते मदत करते. तेही चाळीस आणि त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी. शिवाय ज्या गटांतले रुग्ण चाचणीत कमी होते, त्यांच्यावर आणखी तपासणी करण्याची अट घातली. फोनवर फुकट मिळणाऱ्या ॲपमागे अशी तपासणी झाली आहे की नाही, हे आपल्याला दिसत नाही.

फोटो असा काढा :

• दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. फ्लॅश नको. चेहरा गोरा दाखवणारा फिल्टर बंद करा. तो डागही पुसतो.
• आधी लेन्स पुसा. त्वचेवर हळद, तेल, मलम, पावडर नको.
• एक फोटो लांबून, म्हणजे डाग शरीरावर कुठे आहे ते कळेल. एक जवळून. आकार कळायला शेजारी नाणे ठेवा.
• तारीख लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा.
• गुप्त जागेचे फोटो कुठल्याही ॲपवर किंवा ग्रुपवर टाकू नका. मुलीबाळींचे तर नाहीच. एकदा गेलेला फोटो परत आणता येत नाही. ॲप फोनमधले सगळे फोटो पाहण्याची परवानगी मागत असेल, तर 'नाही' म्हणा.

ॲपने काहीही सांगितले तरी एक नियम पाळा. ॲप 'धोका आहे' म्हणाले, तर घाबरू नका, पण दाखवून घ्या. ॲप 'काही नाही' म्हणाले आणि डाग तसाच राहिला, तरीही दाखवून घ्या. खोट्या भीतीने एक हजेरी बुडते. खोट्या दिलाशाने बोटे जाऊ शकतात.

८. घरातली तपासणी

महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी, घरातल्या प्रत्येकाची त्वचा पाहा. पाठ आणि मागची बाजू दुसऱ्याने बघावी. डाग दिसला की पाच प्रश्न विचारा.

१. किती दिवसांपासून आहे? वाढतो आहे का?
२. खाज येते का? रात्री जास्त येते का?
३. घरात आणखी कुणाला आहे का?
४. आतापर्यंत काय लावले? ट्यूब जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवायची आहे.
५. स्पर्श कळतो का? डोळे मिटायला सांगा. कापसाचे टोक आधी चांगल्या त्वचेवर, मग डागावर हलकेच टेकवा. जिथे टेकले तिथे बोट ठेवायला सांगा. टाचणी, सुई, गरम वस्तू वापरू नका.

स्पर्श कमी कळतो असे वाटले, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठा किंवा आशाताईंना सांगा. स्पर्श कळला म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असेही समजू नका. सगळ्या प्रकारांत डाग बधिर असतोच असे नाही. डाग टिकून राहिला तर डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि ही लक्षणे दिसली तर फोन न उघडता थेट दवाखाना : नव्या औषधानंतर अंगावर पुरळ उठून तोंडात किंवा डोळ्यांत फोड येणे, ओठ-चेहरा सुजून श्वास लागणे, तापासोबत झपाट्याने पसरणारे पुरळ, गरम, दुखरी, वाढत जाणारी सूज, मधुमेही माणसाच्या पायाची कोणतीही जखम.

महिला मंडळात आणि युवक मंडळात चर्चेसाठी

• आपल्या वस्तीतून जवळचे आरोग्य केंद्र कोणते, त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात? फळ्यावर लिहून ठेवता येईल का?
• हजेरी बुडू नये म्हणून चार-पाच जणांनी मिळून एकाच दिवशी जाता येईल का?
• घरी कोणती मलमे पडून आहेत? पुढच्या बैठकीला आणून त्यांवरची नावे एकत्र वाचू या.
• फोन चालवता येणारी मुले-मुली वस्तीतल्या वयस्कर माणसांना ई-संजीवनीवर डॉक्टर गाठून देऊ शकतील का?

मावशींच्या औषधाचा हा पाचवा महिना आहे. डाग अजून आहे. औषध संपल्यावरही तो लगेच जाईलच असे नाही, हे डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितले आहे. तो वाढलेला नाही, नवा आलेला नाही, हाताची पकड घट्ट आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मुलाने ते ॲप काढून टाकले, पण दर महिन्याला तो खिडकीजवळ आईच्या हाताचा फोटो काढतो आणि तारीख लिहितो. तो फोटो आता डॉक्टर बघतात.